रोजच्या शहराची फोटोबुकं: आर्टिस्ट बुकचा संग्रह कसा उभारावा

पेट्रोल पंप, रिकामी पार्किंगची जागा, एकसारख्या इमारतींचे दर्शनी भाग, बंद शटरांची रांग. असल्या साध्या विषयांवरची कलावंतांची पुस्तकं (आर्टिस्ट बुक, म्हणजे पुस्तक हीच कलाकृती) दिसायला किरकोळ असतात: पातळ, कागदी बांधणीची, बहुतेक काळ्या-पांढऱ्या ऑफसेटमध्ये छापलेली. त्यातली बरीचशी स्वस्तात विकण्यासाठीच केली होती, त्यामुळे ती लोकांनी वापरली, वाकवली, कुणाला तरी दिली आणि हरवली. आज संग्राहकासमोर जी प्रत येते ती अनेकदा अर्धवट असते, चुकीच्या आवृत्तीची असते किंवा तिच्यावर नंतरचं वेष्टन चढवलेलं असतं. इथे छायाचित्र ही सुटी वस्तू नाही. पानांचा क्रम, कागद, घडी, वेष्टन आणि आकार मिळून कलाकृती होते. म्हणून संग्रहाचं जवळजवळ सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं: ही वस्तू जशी निघाली तशी पूर्ण आहे का?

आधी एक प्रश्न ठरवा, मग पुस्तकं

‘शहरावरची फोटोबुकं’ एवढा विषय घेतला तर वर्षभरात शेल्फ भरतं आणि संग्रहाला चेहरा येत नाही. मर्यादा अरुंद ठेवा. एखादा रस्ता सलग दाखवणारी पुस्तकं, एकाच प्रकारच्या इमारतींच्या यादीसारखी रचलेली पुस्तकं, हवाई छायाचित्रांतून दिसणारं शहर, किंवा १९६० ते १९८० या काळातली घडीची (पंख्यासारखी उलगडणाऱ्या लांब पट्टीची) पुस्तकं, यातलं एक काहीतरी निवडा. अरुंद प्रश्नाचा फायदा लगेच दिसतो: कुठलं पुस्तक नाकारायचं हे कळायला लागतं.

‘सलग रस्ता’ हाच धागा घ्या. या धाग्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे अमेरिकन कलावंत एड रुशेचं ‘एव्हरी बिल्डिंग ऑन द सनसेट स्ट्रिप’, १९६६ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेलं. तिथल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्याच्या दोन्ही बाजू वर-खाली छापलेल्या, मध्ये कोरी पट्टी, आणि पूर्ण उलगडलं की सुमारे साडेसात मीटर लांब. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९५४ मध्ये, तोक्योच्या गिन्झा रस्त्याची अशीच घडीची पट्टी जपानमध्ये निघाली होती. छायाचित्रं योशिकाझु सुझुकी यांची, संपादन शोहाची किमुरा यांचं, आणि ही पट्टी गिन्झावरच्या एका वेगळ्या पुस्तकासोबत एकाच खोक्यात येत असे. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की संग्रह बोलायला लागतो.

आवृत्तीची भाषा शिका

नवशिके बहुतेक इथेच फसतात. छापील वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष एकच असेल असं गृहीत धरू नका. रुशेच्या ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलिन स्टेशन्स’ या पेट्रोल पंपांच्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर १९६२ आहे, पण पुस्तक १९६३ मध्ये बाहेर आलं. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची आणि क्रमांकित, दुसरी १९६७ मध्ये ५०० प्रतींची, तिसरी १९६९ मध्ये ३,००० प्रतींची. तिन्ही बाहेरून एकसारख्या दिसतात. विक्रेत्याने फक्त ‘१९६२, मूळ प्रत’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आतल्या प्रकाशनविषयक मजकुराचं छायाचित्र मागवा. नंतरच्या आवृत्त्यांत आधीच्या आवृत्त्यांचा हिशेब तिथेच छापलेला असतो.

तिसरी आवृत्ती म्हणजे दुय्यम माल, असा समज करून घेऊ नका. रुशे स्वतः मोठ्या आवृत्त्या काढून पुस्तक सहज उपलब्ध ठेवायच्या बाजूचे होते. विषय म्हणून हे पुस्तक हवं असेल तर तिसऱ्या आवृत्तीची नीट प्रत हा शहाणपणाचा सौदा आहे. फक्त पैसे तिसऱ्याचेच द्या.

पुनर्मुद्रणाचे चार प्रकार वेगळे ओळखा. कलावंताने स्वतः काढलेली नंतरची आवृत्ती. दुसऱ्या प्रकाशकाने मूळ आकार-क्रम राखून काढलेली हुबेहूब प्रत, जशी इटालियन छायाचित्रकार लुइजी गिर्रींच्या १९७८ च्या ‘कोडाक्रोम’ची २०१२ मध्ये निघाली. वाढवलेली आवृत्ती, जशी अमेरिकन छायाचित्रकार स्टीफन शोअरच्या १९८२ च्या ‘अनकॉमन प्लेसेस’ची २००४ मध्ये आली. यात छायाचित्रं वाढतात, क्रम बदलतो, म्हणजे ते वेगळंच पुस्तक असतं आणि नोंदवहीत तसंच लिहायला हवं. चौथा प्रकार म्हणजे पुस्तकाबद्दलचं पुस्तक, ज्यात मूळची पानं लहान करून छापलेली असतात. अभ्यासाला उत्तम, पण संग्रहातल्या मूळ प्रतीच्या जागी ते चालत नाही.

पूर्ण प्रत म्हणजे काय, हे खरेदीआधी लिहून काढा

प्रत्येक हव्या पुस्तकासाठी एक कार्ड करा. त्यावर उंची × रुंदी मिलिमीटरमध्ये (उंची आधी), पानांची संख्या, बांधणी, मुखपृष्ठाचा कागद, वेष्टन, खोकं आणि आत सुटे येणारे कागद. ही माहिती मोठ्या संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचींत मिळते. किमान दोन सूचींची तुलना करा, कारण एखाद्या ग्रंथालयाची प्रतच अपुरी असू शकते.

सनसेट स्ट्रिपच्या पुस्तकाचं उदाहरण पुन्हा घेऊ. त्याला चंदेरी खोकं असतं. सुरुवातीच्या प्रतींत पट्टीच्या शेवटी एक छोटा जादा दुमडलेला तुकडा जोडलेला आहे, नंतरच्या प्रतींत तो नाही. खोकं घासलेलं असेल तर ते चालतं. खोकंच नसेल तर प्रत अपुरी. जपानी छायाचित्रकार युताका ताकानाशींचं १९७४ चं ‘तोशी-ए’ दोन भागांत येतं, एक मोठा आणि एक छोटा. छोटा भाग सुटा विकायला दिसला तर मोठ्याची वाट पाहत तो घेऊ नका, जोडी क्वचितच जुळते. जपानी पुस्तकांत खालच्या भागाला गुंडाळलेली कागदी पट्टी (ओबी) आणि पुठ्ठ्याचं खोकं ही नेहमी हरवणारी अंगं आहेत. ती असतील तर वर्णनात सांगितलेली असतात. वर्णन त्याबद्दल गप्प असेल तर ती नाहीत असं धरून चाला.

अमेरिकी पुस्तकांत हरवणारी वस्तू म्हणजे ग्लासीनचं वेष्टन. हा पातळ, अर्धपारदर्शक, खडखडणारा कागद. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, कण्याच्या टोकांना तुटतो. म्हणून लोक नवं ग्लासीन चढवून देतात. नवं चढवणं ही लबाडी नाही, ते न सांगणं ही आहे.

विक्रेत्याला काय विचारायचं

संदेश लांबलचक नको, नेमका हवा. असा लिहिता येईल:

‘नमस्कार. या प्रतीबद्दल पाच गोष्टी कळवाव्यात. १) आवृत्ती सांगणाऱ्या पानाचं छायाचित्र. २) कण्याचं, वरच्या-खालच्या टोकांसह, दिवसाच्या उजेडातलं छायाचित्र. ३) वेष्टन मूळचं आहे की नंतरचं? ४) एकूण पानं मोजून सांगता येतील का? ५) आत कुणाचं नाव, शिक्का, पेन्सिलची खूण किंवा चिकटपट्टी आहे का?’

चांगला विक्रेता याला आनंदाने उत्तर देतो. ‘वयाच्या मानाने उत्तम’ हे उत्तर नव्हे. ‘ग्रंथालयातून काढलेली’ असं लिहिलेलं असेल तर शिक्के, खिसा आणि कण्यावरचं लेबल येणारच. अशी प्रत वाचायला आणि शिकायला स्वस्तात घ्यावी, मुख्य प्रत म्हणून नाही.

लिलावात बोली लावताना एकच आकडा डोक्यात ठेवा: घरी पोहोचल्यावरची रक्कम. हातोडा ८०० डॉलरवर पडला आणि खरेदीदाराचा अधिभार (बोलीवर लिलावगृह घेतं ती जादा रक्कम) २५ टक्के असेल तर १,००० झाले. त्यावर कर, पॅकिंग, विमा, सीमाशुल्क. आपली कमाल मर्यादा १,००० डॉलर असेल तर बोली ८०० वर नाही, ७०० च्या आसपासच थांबायला हवी. अधिभाराचा दर प्रत्येक लिलावाच्या अटींत लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

प्रत हातात आल्यावरची तपासणी

पार्सल उघडण्याआधी त्याचे फोटो काढा, वाहतुकीत नुकसान झालं असेल तर दाव्याला तेच कामी येतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका: कागदाचा स्पर्श कळत नाही आणि पातळ पानांच्या कडा फाटतात. टेबल रिकामं, वर स्वच्छ पांढरा कागद, जवळ दहापट भिंग, मोजपट्टी आणि बाजूने तिरपा पाडता येईल असा दिवा.

सुरुवात मोजमापाने करा. कार्डावरच्या मापापेक्षा पुस्तक दोन-तीन मिलिमीटर लहान भरलं तर कडा पुन्हा कापल्या असण्याची शक्यता आहे. फाटक्या कडा ‘स्वच्छ’ दिसाव्यात म्हणून हे केलं जातं. छायाचित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर कापलेला भाग चित्रातून गेलेला असतो.

मग पानं मोजा, एकेक पान उलटून. शिवलेल्या पुस्तकात फर्म्याच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) मध्ये दोरा दिसतो, आणि एक पान गेलं असेल तर त्याचं जोडीचं पान सैल झालेलं असतं. पिनांच्या बांधणीत मधल्या पानाशी पिना तपासा. पिनेभोवती तपकिरी डाग म्हणजे गंज, आणि गंज कागद खातो. गोंदाच्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये पुस्तक कधीही पूर्ण सपाट उघडू नका. जुना गोंद कडक झालेला असतो, कणा एका ठिकाणी तडकला की तिथून पानं सुटायला लागतात. नव्वद अंशांपर्यंत उघडून, दोन्ही बाजूंना फोमचे उतरते तुकडे ठेवून पाहा.

घडीच्या पुस्तकाला खास वागणूक लागते. ते एकदम पूर्ण उलगडू नका. चार-पाच घड्या उघडा, पाहा, मिटवा, पुढे सरका. प्रत्येक घडीची रेघ तिरप्या उजेडात पाहा: शाई तडकलेली, पांढरी रेघ दिसणारी घडी चालते, पण तंतू तुटून उजेड आरपार येत असेल तर तिथे लवकरच फाटणार आहे. घडीच्या पाठीमागे चकाकणारी पट्टी दिसली तर कुणीतरी सेलोटेप लावली आहे. तिचा गोंद काळाबरोबर पिवळा होत कागदात मुरतो. ती स्वतः सोलू नका. लांब पट्टी जिथे दोन तुकडे जोडून बनवलेली असते तो सांधा शोधा आणि तिथला क्रम जुळतो का ते पाहा.

आता भिंग. ऑफसेटमध्ये करड्या रंगाच्या जागी सम अंतरावरचे ठिपके दिसतात. ग्रॅव्हूरमध्ये (कोरलेल्या खाचांत शाई भरून केलेल्या छपाईत) छायाप्रकाश अधिक सलग, बारीक जाळीसारखा वाटतो. अनेक जपानी पुस्तकांचा गडद काळा रंग तिथूनच येतो. इंकजेटमध्ये ठिपके विखुरलेले असतात आणि करड्यात निळे-गुलाबी कण दिसतात. लेझर प्रिंटमध्ये पावडर कागदावर बसलेली असते, अक्षरांभोवती बारीक कण उडालेले दिसतात. १९६० च्या दशकातल्या म्हणून विकलेल्या पुस्तकात इंकजेटचे ठिपके दिसले तर ते पान किंवा अख्खं पुस्तक नंतरचं आहे. छापील प्रत स्कॅन करून पुन्हा छापली असेल तर ठिपक्यांवर ठिपके बसून लाटांसारखी नक्षी येते. एकसंध करड्या आकाशात ती सर्वांत आधी पकडता येते.

अतिनील टॉर्चचा उपयोग वय सांगायला फारसा होत नाही, पण बदललेलं पान, नवा गोंद, भरलेला कोपरा हे बाकीच्या कागदापेक्षा वेगळे चमकतात. वेष्टनासाठी साधी तपासणी पुरते: मूळ ग्लासीनवर घड्यांच्या रेघांना आणि कण्याला पिवळेपणा जास्त असतो, आणि त्याच्या तुटलेल्या जागेखाली मुखपृष्ठही थोडं वेगळं रापलेलं असतं. मुखपृष्ठ डागाळलेलं आणि वरचं ग्लासीन मात्र काचेसारखं स्वच्छ, हे एकत्र जमत नाही.

सहीबद्दल एक गोष्ट. सही ही प्रतीच्या जन्माची खूण नसते. बऱ्याच सह्या दशकांनंतर केलेल्या असतात आणि त्यात वाईट काही नाही. पण सहीमुळे दुरुस्त केलेली किंवा अपुरी प्रत पूर्ण होत नाही, मग तिच्यासाठी दुप्पट किंमत कशाला?

दोष: कोणते सोसायचे

कण्याचा उडालेला रंग, मुखपृष्ठावरची हलकी घासण, आतलं जुनं नाव, पुस्तकविक्रेत्याची पेन्सिलची नोंद, हे सगळं चालतं. पेन्सिलची किंमत किंवा कोड पुसू नका, प्रत कुठून कुठे गेली याचा तो पुरावा आहे. कोऱ्या पानावरची मोठी पेन्सिलची रेघ पांढऱ्या व्हिनाइल खोडरबराने हलकेच निघते. छापलेल्या छायाचित्रावर रबर फिरवलं तर शाई चकाकते आणि ती चकाकी कायमची राहते.

पाण्याचे डाग, बुरशीचा वास, कापलेलं पान आणि रंगवून झाकलेले ओरखडे सोसू नका. बुरशी असलेली प्रत बाकीच्या पुस्तकांजवळ एक दिवससुद्धा ठेवू नये.

ठेवण्याची पद्धत

तापमान १८ ते २० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के हा पट्टा चांगला. तो गाठता येत नसेल तर निदान चढउतार कमी ठेवा: घड्या आणि गोंद चढउतारानेच लवकर मोडतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो. पेटीत सिलिका जेल ठेवत असाल तर आर्द्रतामापकही ठेवा, नाहीतर अति कोरड्या हवेत गोंद आणि ग्लासीन दोन्ही ठिसूळ होतात.

जाड पुस्तकं उभी, एकमेकांना आधार देत, पण ओढून काढावी लागणार नाहीत इतकी सैल. पिनांची पातळ पुस्तकं आणि घडीची पुस्तकं आडवी, आम्लमुक्त पेटीत. ढीग हाताच्या रुंदीपेक्षा उंच नको. प्रत्येकाला ५० ते ७५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टरचं पाकीट, एक बाजू उघडी. पीव्हीसीची फोल्डरं आणि ‘फोटो अल्बम’ची चिकट पानं वापरू नका: त्यातून निघणारी रसायनं शाई ओढून घेतात, पान प्लास्टिकला चिकटून निघतं. आम्लमुक्त सामान घेताना आयएसओ १८९१६ ही चाचणी उत्तीर्ण असल्याचा उल्लेख शोधा. ती छायाचित्रांजवळच्या साहित्यासाठीच आहे, आणि पुस्तकासोबत खरी फोटो-प्रिंट येत असेल तर विशेष महत्त्वाची.

मूळ ग्लासीन फेकू नका. ते आम्लयुक्त झालं असेल तर ते आणि मुखपृष्ठ यांच्यामध्ये पातळ आम्लमुक्त कागद घाला आणि बाहेरून पॉलिएस्टर चढवा.

कसर दिसली तर प्रत पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान एक आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दमट हवेचं पाणी बसतं. चकाकी असलेला कागद आणि फोटो-प्रिंट असलेली प्रत मात्र आधी जाणकाराला दाखवा. प्रदर्शनात मांडायची असेल तर प्रकाश ५० लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) आसपास आणि काही आठवड्यांत पान बदला.

नव्या पुस्तकांकडे आजच लक्ष द्या

जुन्या नावांच्या मागे सगळा पैसा घालवणं ही या छंदातली मोठी चूक वाटते. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पेट्रोल पंपांचं ते पुस्तक नाकारलं, आणि रुशेंनी तो नकारच १९६४ मध्ये ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकात जाहिरात म्हणून छापला. आजही एखादा तरुण छायाचित्रकार ५० किंवा १५० प्रतींत आपल्या गल्लीतल्या वीजपेट्यांचं पुस्तक काढतो, ते प्रकाशनाच्या आठवड्यात छापील किमतीला मिळतं आणि संपलं की पुन्हा दिसत नाही. आर्ट बुक फेअर, छोटी प्रकाशनं आणि कलावंतांची स्वतःची पानं यांवर लक्ष ठेवा. असं पुस्तक घेताना दोन प्रती घेता आल्या तर घ्या, एक वाचायला. कलावंताला किती प्रती, कुठे छापल्या, कोणता कागद हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणालाच ते आठवणार नाही.

रिसोग्राफवर (स्टेन्सिलमधून शाई उमटवणाऱ्या प्रतयंत्रावर) छापलेल्या पुस्तकांना थोडी काळजी लागते. ती शाई पूर्ण वाळत नाही, गडद पान समोरच्या पांढऱ्या पानावर उमटतं. अशा पानांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घाला आणि वर वजन ठेवू नका. मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत वेगळी अडचण: एकाच शीर्षकाच्या दोन प्रती वेगळ्या कागदावर, वेगळ्या छटेत निघू शकतात. नोंदीत छपाईची तारीख शेवटच्या पानावरून जशीच्या तशी उतरवा.

नोंदवही

प्रत्येक प्रतीला क्रमांक द्या, पण तो पुस्तकावर लिहू नका, पाकिटात आम्लमुक्त चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. नोंदीत कलावंत, शीर्षक, शीर्षकपानावरचं वर्ष आणि खरं प्रकाशनवर्ष वेगवेगळ्या रकान्यांत, आवृत्ती, प्रतींची संख्या, क्रमांक, मापं, पानं, बांधणी, वेष्टन मूळचं की नंतरचं, दोष पानाच्या क्रमांकासह, कुणाकडून, कधी, किती रकमेला. हवाई छायाचित्रांच्या पुस्तकात छायाचित्रकाराचं नाव वेगळं लिहायला विसरू नका: रुशेच्या १९६७ च्या ‘थर्टीफोर पार्किंग लॉट्स’मधली छायाचित्रं आर्ट अलानिस यांनी टिपली होती. हे बऱ्याच याद्यांत निसटतं.

पावत्या, विक्रेत्याचं वर्णन आणि पत्रव्यवहार यांची प्रत डिजिटल आणि कागदी, दोन्ही ठेवा. मुखपृष्ठ, कणा, आवृत्तीचं पान आणि प्रत्येक दोष यांचे फोटो खरेदीच्या दिवशीच काढा, वर्षातून एकदा तेच कोन पुन्हा टिपा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कणा फिकट होतोय का, ग्लासीनची चीर वाढतेय का हे कळतं, आणि पेटीची जागा बदलायची की नाही ते त्यावरूनच ठरवता येतं.